मागच्या खोलीतलं बेसिन

आईला थंड हात चालत नसत. बाकी सगळं चालायचं. औषध कडू असलं तरी चालायचं, जेवण अळणी असलं तरी नाक मुरडून का होईना घशाखाली उतरायचं, पण अंगाला गार बोट जरी लागलं तरी तिची किंकाळी थेट रस्त्यापर्यंत जायची. "मढ्याचे हात आहेत का रे हे?" असं ती विचारायची, आणि विचारताना समोर मुलगा आहे की डॉक्टर, हे पाहायची नाही. डॉक्टर तर तेव्हापासून दारातच हात काखेत धरून उभे राहत आणि मग आत येत.

त्यामुळे घरात एक नियमच होऊन बसला होता. आईला कुशीवर वळवायचं असो, चादर बदलायची असो की पाठ पुसायची असो, आधी तिच्या खोलीतल्या बेसिनचा नळ सोडायचा, गरम पाणी येईपर्यंत थांबायचं, हात चांगले शेकून घ्यायचे आणि मगच पलंगाशी जायचं. नियम सोपा होता. अडचण एवढीच होती की गीझर घराच्या पुढच्या टोकाला, स्वयंपाकघरात, आणि आई अगदी मागच्या टोकाला. मधे एकामागे एक खोल्या आणि त्यांच्या कडेने गेलेला लांबलचक पॅसेज. गीझरमधून निघालेलं गरम पाणी त्या पॅसेजच्या भिंतीवरून रमतगमत यायचं. तोवर पाइपात अडकून गार झालेलं आधीचं पाणी भडाभडा वाहून जायचं. कुणी बसवला असेल तो गीझर तिथे, त्याला एकदा या बेसिनपाशी हिवाळ्यात उभं करायला हवं होतं.

हे हात शेकायचं काम ज्याच्याकडे होतं, त्याला सगळे धाकटा म्हणत. दाढी पांढरी व्हायला लागली होती, वाचायला चष्मा लागत होता, तरी तो धाकटाच. भावंडांत शेवटचा म्हणून धाकटा, आणि लग्न झालं नाही म्हणून जन्मभराचा धाकटा. थोरला तो दादा आणि मधली ती ताई. दोघांचे संसार वेगळ्या घरांत होते, दोघांच्या पाठीमागे मुलांच्या शाळा, परीक्षा, दुखणीखुपणी होती. धाकट्याच्या मागे काही नाही यावर दोघांचं एकमत होतं. एरवी दादा आणि ताईचं एकमत व्हायला सूर्य पश्चिमेला उगवावा लागे.

धाकटा टर्नर होता. लेथ मशीनवर लोखंड, पितळ, हवं ते लावावं आणि हव्या त्या मापाचं कातून काढावं, हे त्याचं काम. आई न्हाणीघरात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा दादा म्हणाला होता, "दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे, तू रजा टाक." धाकट्याने टाकली. दोन महिन्यांचे सहा झाले, रजेची बिनपगारी झाली, मग कारखान्याने दुसरा माणूस घेतला. हाड जुळलं, पण आई काही उठली नाही. या गोष्टीला आता चार वर्षं होत आली होती. केसाएवढंही माप दाखवणारं त्याचं मायक्रोमीटर तेल लावून, फडक्यात गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलेलं होतं. ते तो अधूनमधून काढायचा, पुसायचा आणि परत ठेवायचा.

तर हिवाळ्याच्या तोंडावर त्याच्या जुन्या फोरमनचा फोन आला.

"कुठे मेलायस?" फोरमन म्हणाले. प्रेमाने बोलायची त्यांची तीच पद्धत होती. "मी स्वतःचं वर्कशॉप टाकलंय. दुसऱ्या गावात आहे, राहायची सोय माझ्याकडे. लेथवर माणूस हवाय आणि मला तुझा हात हवाय. एक तारखेला ये."

"साहेब, आईचं..."

"ते तू बघ. एक तारखेपर्यंत मी मशीनवर दुसरं कुणी बसवत नाही. पुढे मात्र नाही थांबता यायचं, ऑर्डरी डोक्यावर येऊन बसल्यात."

फोन ठेवला आणि धाकटा पॅसेजमध्येच उभा राहिला. आनंद झाला होता, आणि इतक्या दिवसांनी झाला होता की त्याचं काय करायचं ते त्याला सुचेना. मागून आईची हाक आली, तेव्हा तो भानावर आला.

दादाला सांगितलं तर दादा म्हणाला, "जा की! आम्ही अडवलंय का? फक्त आईजवळ कुणीतरी हवं." ताईही तेच म्हणाली. कुणीतरी म्हणजे दिवसरात्र राहणारी बाई. तिचा खर्च दोघं मिळून करायला तयार झाली. अशा कामाला येणाऱ्या बाईला घरोघरी मावशी म्हणतात, तशा लागोपाठ तीन मावश्या आल्या. पहिली दुसऱ्या दिवशी न सांगताच गेली. दुसरी सांगून गेली, आणि जे सांगितलं ते लिहिण्यासारखं नाही. तिसरी उंच, मजबूत बांध्याची, कामाला वाघीण. तिच्यावर धाकट्याची सगळी भिस्त होती. तीही चौथ्या दिवशी पदर खोचून त्याच्यापुढे उभी राहिली.

"भाऊ, मला काम जड नाही," ती म्हणाली. "पण पाणी गरम येईस्तोवर थांबले, तर या उशीर का म्हणून ओरडतात. लगेच गेले, तर गार हात म्हणून ओरडतात. मी करायचं काय? आधी पाण्याचं बघा, मग मला बोलवा. मी येईन. खोटं नाही बोलत."

गंमत म्हणजे धाकटा नळापाशी थांबायचा तेव्हा आई ओरडायची नाही. बेसिन कोपऱ्यात, मोठ्या कपाटाच्या आड होतं. पलंगावरून तिला त्याचं फक्त कोपर दिसायचं. पण वाहत्या पाण्याचा आवाज आला की आपला धाकटा येतोय हे तिला कळायचं, आणि ती गप्प पडून राहायची. दिवसभरात तेवढाच वेळ त्याला कुणी हाक मारत नसे. बेसिनच्या वर एक हातभर खिडकी होती. तीतून मागची गल्ली आणि एका गॅरेजचं अर्धं शटर दिसायचं. धाकटा एक हात पाण्याखाली धरून तिकडे पाहत राहायचा आणि दुसऱ्या हाताने नळाची चकती हळूहळू मागेपुढे फिरवायचा, लेथचं चाक फिरवतात तशी. हे आपण करतो, हे त्याच्या लक्षातही आलेलं नव्हतं.

पण आता त्याला एकच ध्यास लागला. मागच्या बेसिनला गरम पाणी झटकन आलं, की मावशी टिकणार. मावशी टिकली, की तो सुटणार.

आधी त्याने रीतसर आईशी बोलून घेतलं. "आई, नळ सोडल्या सोडल्या गरम पाणी आलं, तर मावशीचे हात चालतील ना?"

"गरम असले तर कुणाचेही चालतील," आई म्हणाली. "तुझेच हात लावून घ्यायची मला काय हौस आलीय?"

"बघ हं. शब्द दिलास."

"दिला. जा आता, आणि उशी वर कर."

मग धाकटा कामाला लागला. पहिल्यांदा त्याने पॅसेजमधला सगळा गरम पाइप जाड फोमने गुंडाळला. त्याने एवढंच झालं की लागोपाठ दोनदा नळ सोडला तर दुसऱ्यांदा पाणी बरं यायचं. सकाळी मात्र पहिले पाढे पंचावन्न. मग त्याने बेसिनखाली बसवायचा लहानसा गीझर आणला. तो लावला आणि घरातला जुना फ्यूज फट्दिशी उडाला. काळोखात आई "मेले, मेले" म्हणून ओरडली, आणि शेजारचे काका चप्पल न घालता धावत आले. वायरमनने वायरिंग पाहिलं आणि मान हलवली. तो गीझर गेला परत.

शेवटी त्याने पंप आणला. पंपाची युक्ती अशी, की तो बेसिनखाली बसवायचा, एका बाजूने गरम पाइपाला जोडायचा आणि दुसऱ्या बाजूने थंड. बटण दाबलं की पाइपात अडकलेलं गार पाणी तो ओढून घेतो आणि थंड पाइपातून उलटं गीझरकडे पाठवतो. त्याच्यामागून गरम पाणी ओढलं जाऊन बेसिनच्या तोंडाशी येऊन उभं राहतं. पाणीही वाया जात नाही. सगळं छान होतं, पण पंपाच्या तोंडाचे आटे आणि या घरातल्या जुन्या पाइपांचे आटे एकमेकांचं तोंड पाहायला तयार नव्हते. मधे जोडायचं कपलिंग बाजारात कुठेच मिळेना. दुकानदार म्हणाला, "हे आता कोण बनवतंय?"

धाकटा कारखान्यात हेच तर बनवायचा.

त्या दिवशी दुपारी ताई आईपाशी येऊन बसली आणि धाकटा मायक्रोमीटर खिशात घालून पुढच्या गल्लीतल्या एका वर्कशॉपमध्ये गेला. मालकाने त्याला खालून वरपर्यंत पाहिलं आणि कोपऱ्यातला जुना लेथ दाखवला. धाकट्याने पितळेचा तुकडा लेथच्या चकमध्ये, म्हणजे जबड्यात, आवळला. मशीन सुरू झालं. पिवळेधमक छिलके उडायला लागले, तापलेल्या तेलाचा वास नाकात शिरला. चार वर्षांत त्याला कुणी विचारलं नव्हतं, त्यानेही कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्याला या वासाची भूक लागली होती. कपलिंग म्हणजे जेमतेम तासाभराचं काम, पण त्याने ते पुरवून पुरवून केलं. कडा घासली, पुन्हा माप घेतलं, पुन्हा घासली. मालक मागे येऊन उभा राहिला होता.

"कुठे असता कामाला?" मालकाने विचारलं.

"एक तारखेपासून जायचंय," धाकटा म्हणाला, आणि हे वाक्य मोठ्याने उच्चारून त्याला इतकं बरं वाटलं की घरी जाताना त्याने ते मनात पुन्हा दोनदा म्हटलं.

कपलिंग बसलं, जणू त्या पाइपाबरोबरच जन्माला आलं होतं. पाण्याचा थेंब गळला नाही. बटण दाबलं, पंप घुर्र करून जागा झाला आणि थांबला. नळ सोडला तर पहिली धारच गरम. धाकट्याने हात काढून पुन्हा घातला, तरी गरमच.

उंच मावशीला निरोप गेला. ती शब्दाला जागली, आली. बटण दाबून हात शेकून पलंगाशी गेली आणि तिने आईला असं अलगद वळवलं की आईला कुरकुर करायला जागाच राहिली नाही. आई छताकडे पाहत राहिली.

"कसे आहेत हात?" धाकट्याने विचारलं.

"गरम आहेत," आई म्हणाली. एवढंच म्हणाली, पण शब्द मोडला नाही.

धाकट्याने फोरमनला फोन केला, "साहेब, येतो." पलंगाखालची बॅग काढून झटकली. तिच्यात दोन शर्ट टाकले, मायक्रोमीटर टाकलं. बॅग भरायला किती थोडं लागतं याचं त्याला हसू आलं.

रविवारी दादा, वहिनी आणि ताई नवीन पाणी बघायला आले. बघायला म्हणजे अगदी प्रदर्शनाला आल्यासारखे. प्रत्येकाने बटण दाबलं, प्रत्येकाने हात धरला. वहिनीने तर तोंडही धुतलं. दादा खाली वाकून कपलिंगवर बोट फिरवत म्हणाला, "हे तू केलंस? घरच्या घरी? अरे, जादू आहे तुझ्या हातात."

दादाने असं कौतुक कधी केलं नव्हतं. धाकटा खुलला. पंप कसा पाणी उलटं पाठवतो, आता मावशीला सकाळीसुद्धा खोळंबावं लागणार नाही, सगळं त्याने हौसेने समजावून सांगितलं. दादा मान डोलावत ऐकत होता. मूर्खासारखं सगळं सांगितलं त्याने. एखादी तरी अडचण पोटात ठेवायची!

दादाने हात पुसले. "म्हणजे आता कामच राहिलं नाही म्हण ना," तो म्हणाला. "बटण दाबायचं, झालं. मग मावशी कशाला ठेवायची?"

"हो ना," ताई म्हणाली. "किती केलं तरी बाहेरची बाई. तिच्यावर घर सोडायचं म्हणजे माझ्या जिवाला घोर. एवढं सोपं झालंय, तर आपलं माणूसच बरं."

धाकट्याला आधी कळलंच नाही. मग त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "अरे, मी जायचं म्हणून केलं हे सगळं! एक तारखेला मला हजर व्हायचंय."

"नोकरी कुठे पळून चाललीय? आणि या वयात परक्या गावात जाऊन एकट्याने हाल काढायचे? तुझ्या भल्याचं सांगतोय."

दादा हे अगदी मनापासून म्हणाला. दादा वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत होती. वाईट माणसाशी निदान भांडता येतं.

"मग बटण तू दाब," धाकटा म्हणाला. "तू राहा इथे. नाहीतर आईला घेऊन जा. एवढं सोपं आहे ना?"

वहिनी खिडकीबाहेर पाहायला लागली. दादा हसला, लहान मुलाच्या हट्टावर हसतात तसा, आणि म्हणाला, "आईलाच विचारू या. आई, तुला मावशी हवी की हा?"

धाकटा पलंगाशी गेला. "आई, तू शब्द दिलायस. हात गरम आहेत म्हणालीस. सांग त्यांना."

आईने त्याच्याकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता. 'जाऊ दे त्याला' एवढं ती म्हणाली असती, तर दादाची काय बिशाद होती पुढे बोलायची. तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून हातांवर आली आणि तिथे थांबली. मग तिने मान भिंतीकडे वळवली.

"तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली. "मला काय विचारता?"

रविवारच्या सुट्टीला घरी गेलेली मावशी दुसऱ्या दिवशी परत आली नाही. धाकट्याने फोन केला, तर ती म्हणाली, "तुमच्या थोरल्या भावांनीच सांगितलं की गरज नाही. मी दुसरं घर धरलं. माझंही पोट आहे ना, भाऊ?" दादाला फोन केला, तर दादा मीटिंगमध्ये होता. ताईने फोन उचलला आणि ती रडायलाच लागली, त्यामुळे तिचीच समजूत काढावी लागली. आई एकटी पलंगावर आणि धाकटा बॅग घेऊन रस्त्यावर, हे चित्र त्याने डोळ्यांपुढे आणून पाहिलं. बॅग घेतलेला माणूस पाठमोरा होता आणि दारापाशी पोचतच नव्हता. फोरमनला फोन करायला त्याने शेवटच्या दिवसापर्यंत वेळ काढला.

फोरमन म्हणाले, "ठीक आहे रे. आईचं बघ." एक शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

एक तारीख आली तशी गेली. गरम पाणी मात्र झकास येत होतं. इकडे आईने हाक मारली, तिकडे घुर्र, की लगेच हात शेकून तयार. बाही वर करायलासुद्धा वेळ मिळत नसे. पाणी लवकर येतं म्हटल्यावर आईच्या हाकाही वाढल्या. उशी वर कर, उशी खाली कर, पाय चोळ, पडदा ओढ. हाक आणि हात यांच्यामध्ये आता काहीच उरलं नव्हतं. खिडकीतून गॅरेजचं शटर उघडं आहे की बंद, हे धाकट्याने कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. आपलं नोकरीशिवाय आणखीही काहीतरी गेलंय, असं त्याला वाटत राहायचं. काय गेलंय ते सापडायचं नाही. आणि जे काही गेलं, ते घालवायचं यंत्र त्यानेच बसवलं होतं. त्याचं कपलिंग त्याने स्वतःच्या हाताने, मापात तसूभर फरक न करता, कातलं होतं.

एका सकाळी आईने हाक मारली. धाकटा बेसिनपाशी गेला, बटणावर बोट ठेवलं आणि तसाच उभा राहिला. मग त्याने वाकून पंपाची पिन सॉकेटमधून ओढून काढली. खट् असा आवाज झाला. खोली ती केवढीशी, तो पलंगापर्यंत गेलाच असणार. त्याने नळ सोडला. पाइपात रात्रभर अडकलेलं पाणी धो धो वाहायला लागलं, बर्फासारखं गार. त्याने एक हात त्याच्याखाली धरला. दुसरा हात नळाच्या चकतीवर गेला आणि आपोआप मागेपुढे फिरायला लागला. या वेळी तो फिरतोय हे त्याच्या लक्षात आलं. त्याने तो थांबवला नाही.

गॅरेजचं शटर अर्धं उघडं होतं. आत कुणीतरी वाकून काहीतरी करत होतं.

"काय रे," कपाटापलीकडून आई म्हणाली. "आज तो घुर्र आवाज नाही आला."

"पंप बिघडलाय, आई. पाणी यायला जरा वेळ लागेल."

आईने या घरातला प्रत्येक आवाज पडल्या पडल्या पाठ केला होता. सॉकेटमधून पिन काढल्याचा आवाज तिला कळला नसेल, असं धाकट्याला क्षणभरही वाटलं नाही. आता ती ओरडेल म्हणून तो वाट पाहत राहिला.

"लागू दे," आई म्हणाली. "आपल्याला कुठे जायचंय?"

धाकट्याने हात धारेखालीच ठेवला. पाणी अजून गारच होतं.